कागदावरचा वाघ : हिंगणीचे रान आणि शिकारीचा परवाना

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूहून उत्तरेकडे हिंगणीच्या वाटेला लागले की दिवाळीच्या सुमाराला दोन्ही बाजूंची वावरे भरलेली दिसतात. सोयाबीन निघून गेलेले असते, कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात आणि तूर फुलावर आलेली असते. हिंगणी मागे पडली की जमीन हळूहळू उंचावते, साग आणि तेंदू दिसू लागतात. पुढे बोर नदीवरचे धरण लागते आणि त्याच्या पाठीमागे सातपुड्याच्या फाट्यांतल्या बुटक्या टेकड्यांवर बोर व्याघ्र प्रकल्पाचे रान पसरलेले आहे. पहाटे प्रवेशद्वारापाशी जिप्सी गाड्या रांगेने उभ्या असतात. आत किती गाड्या सोडायच्या, हे ठरलेले असते. आधी नोंदणी केलेल्याचे नाव यादीत असते, ओळखपत्र तपासले जाते, मार्ग नेमून दिला जातो, वेळ संपली की बाहेर यावे लागते.

ही सगळी पद्धत आपल्याला पर्यटनाच्या काळातली, म्हणजे अगदी अलीकडची वाटते. पण रानाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात ठरावीक माणसांनाच सोडायचे, आधी अर्ज घ्यायचा, शुल्क घ्यायचे आणि मुदत घालून द्यायची, ही रीत मध्य प्रांताच्या जंगलात शंभरहून अधिक वर्षे जुनी आहे. फरक एवढाच, की तेव्हा त्या कागदावर वाघ बघायची नव्हे, मारायची परवानगी असे. हा कागद कसा आला, कोणाला मिळाला, कोणाला मिळाला नाही आणि त्याने रानाचे काय केले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न या लेखात आहे. हिंगणीच्या शिवारातला आजचा एक कडवट प्रश्नही त्याच कागदापाशी येऊन थांबतो.

रानाभोवतीची रेघ

नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. हा काळ कापसाचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीकडे व्यापाऱ्यांचे डोळे लागले. हिंगणघाटच्या कापसाला आधीपासून नाव होतेच. १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे आली. पठारावरची गवताळ राने नांगराखाली जाऊ लागली. काळविटांचे कळप जिथे चरायचे तिथे कपाशी उभी राहिली. रान उरले ते मुख्यतः जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, आर्वी आणि सेलूच्या वरच्या डोंगराळ पट्ट्यात. तिथली जमीन हलकी होती आणि नांगर चालवून फारसे काही हाती लागण्याजोगे नव्हते.

या डोंगराळ पट्ट्यात गोंडांची वस्ती होती आणि गवळ्यांचे कळप हिंडत. गवळाऊ नावाची पांढरीशुभ्र, चपळ गोवंशाची जात याच परिसरातली. रान म्हणजे चराई, सरपण, मोहफुले, डिंक, तेंदू, बांबू आणि अधूनमधून ससा किंवा डुक्कर. जमीनधाऱ्याच्या व्यवस्थेत मालगुजार हा गावाचा मालक ठरला होता आणि गावालगतचे बरेचसे रानही त्याच्याकडे होते. उरलेले सरकारने स्वतःकडे घेतले.

१८७८ च्या वन कायद्याने या सरकारी रानाभोवती पक्की रेघ ओढली. राखीव जंगलात काय काय केले तर गुन्हा होईल, याची यादीच त्या कायद्याच्या २५व्या कलमात आहे. तीत झाड तोडणे, गुरे घुसवणे, आग लावणे यांच्याबरोबर शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे आणि फासे लावणे हेही आहे. मात्र हे सर्व सरकारने केलेल्या नियमांना सोडून केले तर! म्हणजे शिकारीवर सरसकट बंदी नव्हती. नियमात बसणारी शिकार चालणार होती. नियम कोण करणार आणि त्यात कोण बसणार, हा खरा प्रश्न होता.

मराठीत या एकाच कृतीला तीन शब्द आहेत, आणि ते तिघांचे आहेत. राजा करतो ती मृगया. रानातला माणूस पोटासाठी करतो ती पारध. फारसीतून आलेला शिकार हा शब्द दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. वन कायद्याने मृगयेला परवाना दिला आणि पारधेला गुन्हा ठरवले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

ब्लॉकची व्यवस्था

राखीव जंगलाचा कारभार जसा बसत गेला तशी शिकारीची व्यवस्थाही बसत गेली. प्रत्येक वनविभागाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडले गेले. नकाशावर नाला, डोंगराची धार, गाडीवाट अशा खुणा धरून सीमा आखल्या जात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच टोळी, हे मूळ तत्त्व. परवाना विभागीय वनाधिकाऱ्याच्या कचेरीतून मिळे. त्यावर ब्लॉकचे नाव, मुदत, शुल्क आणि कोणते जनावर किती मारता येईल याची मर्यादा लिहिलेली असे. रानगवा, सांबर, चितळ यांची संख्या बांधून दिलेली असे. पुढे पुढे वाघालाही ही मर्यादा लागू झाली. वर्षाचा आकडा पुरा झाला की त्या जनावरासाठी तो ब्लॉक बंद. काही भाग विश्रांतीसाठी बंद ठेवले जात, काहींत शिकारीला कायमचीच मनाई असे.

ही कल्पना एकट्या मध्य प्रांताची नव्हती. १९०० साली लंडनमध्ये युरोपीय सत्तांनी आफ्रिकेतल्या वन्य प्राण्यांबाबत करार केला, त्यातही परवाने आणि संरक्षित प्राण्यांच्या याद्या होत्या. अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या डोंगराळ राज्यांत आजही अशीच व्यवस्था चालते. पर्वतराजीचे विभाग पाडलेले आहेत, मोठ्या जनावरांसाठी विभागवार मोजके परवाने असतात, आणि अर्ज फार आले की सोडत काढतात. सोडतीत नाव न निघालेल्याला काही राज्यांत पुढच्या वर्षासाठी अधिकचे गुण मिळतात. चांगल्या विभागासाठी माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात, नकाशे अभ्यासतात, पाणवठे हेरून ठेवतात. तिथे वन्य प्राणी ही जनतेची मालमत्ता मानली जाते, आणि निदान तत्त्वतः तरी शिंप्याचा आणि सावकाराचा अर्ज एकाच पेटीत पडतो.

मध्य प्रांतात अशी पेटी नव्हती. ब्लॉक मिळायचा तो आधी अर्ज करणाऱ्याला, आणि आधी अर्ज कोणी करावा हे त्याच्या हुद्द्यावर, ओळखीवर आणि रजेच्या सोयीवर ठरे. पलटणीतला अधिकारी, मुलकी साहेब, त्यांचे पाहुणे, संस्थानिक आणि बडे मालगुजार या वर्तुळात परवाना फिरत राही. शिवाय बंदूक हवी. १८७८ च्याच हत्यार कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला होता, युरोपियनांना त्यातून सूट होती. एकाच वर्षी झालेल्या या दोन कायद्यांनी रान आणि बंदूक दोन्ही एका हाती दिली.

बेत कसा रचला जाई

शिकारीच्या आठवणी लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची मध्य प्रांतात मोठी परंपरा आहे. जेम्स फॉर्सिथचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक १८७१ मध्ये आले. स्टर्नडेलचे शिवनीवरचे १८७७ मध्ये. वनखात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या डनबर ब्रँडरने १९२३ मध्ये मध्य भारतातल्या प्राण्यांवर लिहिले, ते आजही अभ्यासक वाचतात. या पुस्तकांतून शिकारीच्या बेताचे चित्र उभे राहते. बंदूक प्रत्यक्ष उडण्याला त्यात फार थोडी जागा आहे. बाकी सगळी तयारी आहे.

पहिला प्रश्न हंगामाचा. पावसाळ्यात रान बंदच असायचे. पाऊस सरल्यावरही हिवतापाच्या भीतीने शहाणा माणूस लगेच आत जात नसे. दिवाळी उलटून थंडी पडली, गवत पिवळे पडले की सांबर-चितळांच्या शिकारीचे दिवस येत. नाताळची रजा त्यातच पडायची, म्हणून त्या पंधरवड्याच्या ब्लॉकसाठी चढाओढ असे. वाघासाठी मात्र उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत नाले आटतात, पानगळ होऊन रान उघडे पडते आणि वाघ उरलेल्या पाण्याजवळ, सावलीच्या गारव्याला राहतो. रणरणत्या उन्हात तंबूत राहण्याची तयारी असेल त्यालाच वाघ, असा तो हिशेब होता.

दुसरा प्रश्न जागेचा. मंडला, बालाघाट, शिवनी, चांदा ही मोठ्या शिकाऱ्यांची आवडती नावे. वर्ध्याचे रान त्यांच्यापुढे लहान. पण लहान रानाचीही एक सोय होती. नागपूर आणि वर्धा दोन्हीकडून ते जवळ होते, रेल्वेचा रस्ता जवळून गेला होता, आणि स्थानकावरून बंड्यांमध्ये सामान लादून टेकड्यांच्या पायथ्याशी पोचता येत होते. आजही नागपूरचा माणूस शनिवारी निघून बोरला येतो, ते याच कारणाने.

तिसरा प्रश्न माणसांचा, आणि सगळा बेत खरे तर इथेच ठरे. नकाशावर ब्लॉकची सीमा होती, पण वाघ कोणत्या नाल्यात बसतो, सांबर कोणत्या चोपणावर माती चाटायला येते, हे नकाशावर नव्हते. ते गावातल्या शिकाऱ्याच्या, बहुधा एखाद्या गोंडाच्या, डोक्यात होते. तो पहाटे उठून धुळीतले माग पाहून यायचा. मग ठिकठिकाणी रेडके बांधायची. एखादे मारले गेले की त्या गाऱ्यापासून वाघ कुठे पडून राहिला असेल याचा अंदाज करायचा, मचाण बांधायचे आणि दुपारी हाका घालायचा. पन्नास-शंभर माणसे अर्धवर्तुळात उभी राहून ढोल, डबे, आरोळ्या यांनी रान उठवत पुढे सरकत. बाजूच्या वाटा अडवायला झाडांवर माणसे बसवलेली असत. वाघ त्या बाजूला वळला की त्यांनी फांदीवर हलकेच काठी आपटायची, एवढाच आवाज पुरे. साहेब मचाणावर. जमिनीवर जे होते त्यांच्या हातात काठी आणि कुऱ्हाड.

हाक्याला जाणाऱ्याला दिवसाचे काही आणे मिळत. वाघ जखमी होऊन झाडीत शिरला तर माग काढायला पुढे तोच. गावच्या पाटलाला, कोतवालाला निरोप आला की माणसे पुरवणे भाग असे. दूध, कोंबड्या, लाकूडफाटा, गुरांचा चारा हेही आले. बेगारीची ही रीत देशभर होती. कुमाऊँमध्ये तिच्याविरुद्ध १९२१ च्या जानेवारीत लोकांनी बागेश्वरच्या सरयू नदीत बेगारीच्या वह्या बुडवल्या. आपल्याकडे वन कायद्याविरुद्धचा असंतोष गवताच्या निमित्ताने बाहेर आला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मूठभर गवत आणि साहेबाचा वाघ एकाच कायद्याच्या कुंपणात होते, हे इथे विसरता कामा नये.

परवान्याबाहेरची माणसे

परवान्याने सर्वांत जास्त कोणाचे नुकसान केले असेल तर पारध्यांचे. फासे लावण्यात फासेपारध्यांचा हात कोणी धरू शकत नसे. तित्तर, लावा, हरिण पकडण्याचे ज्ञान पिढ्यानपिढ्यांचे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या याद्यांत पुढे पारध्यांच्या अनेक गटांची नावे गेली. ज्या कौशल्यासाठी साहेब गावोगावी माणूस शोधत होता, तेच कौशल्य कपाळावर गुन्हेगाराचा शिक्का मारायला पुरेसे ठरले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का पुसायला त्याहून पुष्कळ जास्त काळ लागतो आहे.

शेतकऱ्याची स्थिती काहीशी निराळी होती. १९१२ च्या पक्षी-प्राणी संरक्षण कायद्याने काही प्राण्यांसाठी बंदीचे महिने ठरवण्याची सोय केली, तरी जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी जनावर मारण्याची मुभा ठेवली होती. मात्र मारायचे कशाने? बंदुकीचा परवाना मिळणे मुश्किल. म्हणून रात्री मचाणावर बसून जागल करायची, डबा वाजवायचा, शेकोटी पेटती ठेवायची. हिंगणीच्या पट्ट्यातले जागलीचे मचाण आणि शिकारीचे मचाण दिसायला सारखेच. एकावर बसायला परवाना लागायचा. दुसऱ्यावर बसणे ही सक्तीच होती.

मर्यादा कशाची मोजली?

ब्लॉकच्या व्यवस्थेची बाजू घेणारे म्हणतात की तिच्यामुळेच रान वाचले. त्यात तथ्य आहे. मध्य प्रांतातल्या राखीव जंगलांत जनावर टिकले, मालगुजारी आणि मोकळ्या रानांतले लवकर संपले. आकडा पुरा झाला की बंदूक थांबायची, ही शिस्त होती. कान्हासारखी राने पुढे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान होऊ शकली, त्यामागे ही शिस्त नक्कीच आहे.

पण या आकड्याच्या मुळाशी गेले की शंका येतात. ब्लॉकमध्ये किती वाघ आहेत हे मोजून त्यातले किती मारावेत असे ठरवलेले नव्हते. मागच्या वर्षी किती मारले, रेंजर काय म्हणतो, मागणी किती आहे, यावर अंदाज बांधला जाई. वाघाला तर फार काळ उपद्रवी जनावरच मानले गेले होते. १९१२ च्या कायद्याच्या यादीत हरणे होती, गवा होता, गेंडा होता, पण वाघ नव्हता. उलट वाघ, बिबट, लांडगा मारल्याबद्दल बक्षिसे दिली जात. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी बक्षिसांच्या नोंदींवरून मांडलेला अंदाज असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ऐंशी हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. कोळसुना म्हणजे रानकुत्रा तर शिकाऱ्यांचा शत्रूच. तो चितळ खातो, म्हणजे साहेबाच्या वाट्यातले खातो, म्हणून त्याच्यावरचे बक्षीस स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले.

तेव्हा मर्यादा होती ती शिकाऱ्यांची. पुढच्या वर्षी येणाऱ्या साहेबालाही काही मिळावे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. त्यातून रान वाचले असेल तर तो त्या हेतूचा उपफल होता. कोठारातले धान्य सर्वांना पुरावे म्हणून माप लावणे वेगळे आणि पेरणीसाठी बियाणे राखणे वेगळे.

स्वातंत्र्यानंतरची वीस वर्षे

स्वातंत्र्यानंतर हिंगणीचे रान एकापाठोपाठ एक राज्ये पाहत गेले. १९५० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे मध्य प्रदेश झाले, १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. मालगुजारांची राने सरकारजमा होणार हे दिसताच अनेक ठिकाणी ती घाईघाईने तोडली गेली.

या वीस वर्षांत ब्लॉकची व्यवस्था कागदावर राहिली, पण तिच्या आतले सगळे बदलले. परवाना आता साहेबापुरता उरला नव्हता. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख त्याला तो मिळू लागला. अधिक धान्य पिकवण्याच्या मोहिमेत पीक राखण्यासाठी बंदुकांचे परवाने सढळ हाताने दिले गेले. युद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीप बाजारात आल्या. जीप, प्रखर दिवा आणि बंदूक एवढ्यावर रातोरात शिकार होऊ लागली. ब्लॉकची सीमा, हंगाम, मर्यादा यांना रात्रीच्या अंधारात अर्थ उरला नाही. जुन्या शिकाऱ्यांनीच या काळाबद्दल सर्वांत कडवट लिहिले आहे.

दुसरीकडे शिकार हा परदेशी चलन मिळवून देणारा धंदा झाला. त्याचे एक मोठे केंद्र नागपूर होते. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी नागपुरातल्या शिक्षणानंतर ॲल्विन कूपर नावाची कंपनी काढली होती. मध्य भारताच्या जंगलात परदेशी पाहुण्यांसाठी मोठ्या शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या सफरी आखून देणे हा तिचा व्यवसाय. ब्लॉक, परवाना, तंबू, स्वयंपाकी, मागकाढे, हाकारे, कातडे कमावणारा, अशी सगळी तजवीज कंपनीने करायची. शिकाऱ्याने विमानाने यायचे आणि कातडे घेऊन जायचे. पूर्वी साहेबाला निदान आपला बेत आपण रचावा लागे. आता बेतही विकत मिळू लागला. मागकाढ्याचे नाव तेव्हाही परवान्यावर नव्हते, आताही नव्हते.

१९५२ मध्ये भारतीय वन्य जीव मंडळ स्थापन झाले, १९५५ मध्ये ताडोबा आणि कान्हा राष्ट्रीय उद्याने झाली. पण १९६९ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाची सभा दिल्लीत भरली तेव्हा वाघाच्या भवितव्याची चिंता साऱ्या जगाची झाली होती. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ मध्ये मोजणी झाली ती १८२७ ची. शंभर वर्षे परवाने वाटल्यानंतर पहिल्यांदाच, परवाना द्यायच्या आधी काय मोजायला हवे होते ते मोजले गेले.

बंदीनंतर

बोर अभयारण्य जाहीर झाले ते याच वर्षी, २७ नोव्हेंबर १९७० रोजी, सुमारे ६१ चौरस किलोमीटरचे. मेळघाट, पेंच आणि ताडोबा यांच्या मधल्या प्रदेशातले हे छोटे रान. एका रानातला तरुण वाघ दुसरीकडे जाताना इथे टेकतो. शिकारीच्या हिशेबात वर्ध्याचे रान दुय्यम होते. वाघाच्या हिशेबात ते दोन मोठ्या रानांमधला विसावा ठरले. २०१४ मध्ये ते देशातला ४७वा आणि महाराष्ट्रातला सहावा व्याघ्र प्रकल्प झाले. तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर होते आणि देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प अशी त्याची ओळख झाली.

एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने शिकार एका झटक्यात संपवली, असा आपला समज आहे. मूळ कायद्यात वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार बंद होती हे खरे. पण त्याच कायद्याच्या नवव्या कलमात विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत प्राणी पकडणे असे चार प्रकारचे परवाने होते. मोठ्या शिकारीच्या यादीत चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर होते. साहेबाच्या काळातली परवान्याची भाषा स्वतंत्र भारताच्या सर्वांत कडक वन्य जीव कायद्यात अशी शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे ब्लॉकच्या परवान्याचा कायदेशीर शेवट आपल्यातल्या अनेकांच्या आठवणीतला आहे.

बदल मनांतही झाला. मराठी साहित्यातही तो दिसतो. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन हिंडले आणि पुढे रेखाटनवही घेऊन नागझिऱ्यात जाऊन बसले. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत राहून गोंड आणि इतर रानवासी माणसांकडून रानाचे शब्द गोळा केले. मागकाढ्याच्या डोक्यातले जे ज्ञान शंभर वर्षे दुसऱ्याच्या परवान्याच्या कामी आले, त्याला छापील पानावर मान मिळाला तो अशा लेखकांमुळे.

जागलीचे मचाण

आता हिंगणीच्या शिवारात परत येऊ. रान वाचले, जनावर वाढले, याचा आनंद खराच आहे. पण रानाच्या सीमेला जनावर ओळखत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे वावर उकरून टाकतो. रोही तुरीचे शेंडे खातात. बोरच्या कडेने गुरे राखणाऱ्याला वाघाची धास्ती आहेच. धुऱ्यावरच्या मचाणावर आजही जागल चालू आहे. तिथे भेटलेल्या एका शेतकऱ्याने सगळा इतिहास एका वाक्यात सांगितला. तो म्हणाला, "आम्ही जंगलात गेलो त गुन्हा, अन् जंगल आमच्या वावरात आलं त अर्ज करा म्हन्ते."

अर्जाची सोय आहे, हे खरे. पीक उद्ध्वस्त करणारे जनावर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद कायद्याच्या ११व्या कलमात आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत राज्य सरकारने त्यासाठी आदेशही काढले आहेत. नुकसानभरपाईही आहे. पण परवानगी मिळाली तरी बंदूक कोणाकडे आहे? आणि पंचनामा होईपर्यंत दुसरा कळप येऊन गेलेला असतो. मग काही जण कुंपणात वीज सोडतात. ती तार डुक्कर आणि वाघ यांच्यात भेद करत नाही, माणसाशीही करत नाही. ज्या वाघाला कायद्याने बंदुकीपासून वाचवले तो तारेवर मरतो आणि दोष मात्र गावावर येतो.

मारण्याचा परवाना पुन्हा सुरू करा, असा याचा अर्थ मी काढत नाही. मध्य प्रांताचा अनुभव त्याच्या विरुद्धच साक्ष देतो. ज्यांच्या हाती परवाना पडला त्यांना रानाच्या शेजारी राहायचे नव्हते, आणि मर्यादा ठरवताना जनावर कोणी मोजले नव्हते. अमेरिकेच्या डोंगरांत सोडत काढून परवाना देतात, तिथे आधी गणती होते आणि परवान्याचा पैसा त्याच प्राण्यांच्या संवर्धनाकडे वळतो. त्या पद्धतीतले बरे असे काही घ्यायचे असेल तर ते मोजण्याचे आणि वाटपाचे आहे. आज बोरच्या प्रवेशद्वारावर गाड्या मोजल्या जातात, रानात वाघ मोजले जातात, ठिपके आणि पट्टे यांवरून एकेका जनावराची ओळख पटवली जाते. हे सर्व चांगलेच आहे. शंभर वर्षांत एवढे मोजायला आपण शिकलो. पण कडेच्या गावाने किती रात्री जागून काढल्या, किती क्विंटल तूर गेली, किती अर्ज पडून आहेत, ही मोजणी त्या वहीत अजून आलेली नाही.

जुन्या परवान्यावर ब्लॉक होता, मुदत होती, जनावरांची संख्या होती. मागकाढ्याला, हाकाऱ्याला, जागल्याला त्यावर रकानाच नव्हता. बोरच्या नव्या व्यवस्थेत त्यांच्या नातवंडांपैकी काही जण वाटाडे झाले आहेत, जिप्सी चालवतात, पाहुण्यांना माग दाखवतात. ते ज्ञान आता निदान मोबदल्याचे झाले आहे. बाकीचे अजून धुऱ्यावरच आहेत. थंडी पडू लागली आहे. हरभरा उगवून आला की मचाणाला नवे बांबू लागतील, आणि पहाटे जिप्सींची रांग रानात शिरेल त्याच वेळी रात्रभर जागलेला माणूस वावरातून घरी परतत असेल. हिंगणीच्या रस्त्यावर ही दोघे रोज एकमेकांसमोरून जातात.